मोरबाथच्या हिशेबवहीतले पाच तरुण

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात एक्समूरच्या दक्षिण कडेला मोरबाथ हे खेडे आहे. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम 33 कुटुंबे होती. एवढ्या लहान गावाचा इतिहास सहसा उरत नाही. मोरबाथचा उरला, कारण 1520 मध्ये तिथे आलेले पाद्री ख्रिस्तोफर ट्रिकी यांनी सेंट जॉर्ज चर्चचे हिशेब वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने लिहिले. हे हिशेब गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले जात, हे ध्यानात ठेवूनच वही वाचायला हवी. तिच्यातली नोंद म्हणजे सगळ्या गावाने ऐकलेली नोंद.

सुरुवातीची पाने भरल्या घरासारखी आहेत. चर्चमधल्या संतांच्या मूर्तींपुढे दिवे जळत राहावेत म्हणून वेगवेगळे निधी होते. तरुणांचा एक, कुमारिकांचा एक, आणि काही निधींच्या मालकीच्या मेंढ्या गावकऱ्यांच्या कळपांत चरत. कारभारीपद बायकांकडेही येई. ट्रिकींची विशेष भक्ती एक्झेटरच्या संत सिडवेलवर होती. त्यांनी तिची मूर्ती मोरबाथला आणली आणि तिच्यासाठी चांदीचा जोडा घडवला गेला. 1534 मध्ये चोराने तो जोडा आणि चांदीचा चषक पळवला, तेव्हा नव्या चषकासाठी तरुण-तरुणींनी गावात पैसे गोळा केले.

ट्रिकींच्या मनात आणखी एक गोष्ट होती: मृतांसाठीच्या प्रार्थनेला काळी वस्त्रे हवीत. त्यासाठी ते स्वतःच्या हक्काचे थोडे उत्पन्न वर्षानुवर्षे सोडत राहिले. पुरेसे पैसे साठून वस्त्रे आली ती 1547 मध्ये. त्याच वर्षी आठवा हेन्री वारला आणि बाल राजा सहाव्या एडवर्डच्या सरकारने मृतांसाठीच्या प्रार्थनांमागची श्रद्धाच अमान्य केली. वर्षभरात दिवे विझले, निधी मोडले, मेंढ्या गेल्या. वहीत आता विक्रीच्या आणि कर्जाच्या नोंदी दिसू लागतात.

9 जून 1549 रोजी नवे इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी गावात बंड पेटले आणि जुलैच्या आरंभी बंडखोरांनी एक्झेटरला वेढा घातला. त्या वर्षीच्या हिशेबात ट्रिकींनी विल्यम हर्ली, थॉमस बॉरेज धाकटा, जॉन टिमवेल, ख्रिस्तोफर मॉर्स आणि रॉबर्ट झेअर अशी पाच नावे लिहिली आहेत. त्यांना शस्त्रे आणि पैसे देऊन सेंट डेव्हिड्स डाउनच्या छावणीत पाठवल्याचा खर्च तिथे मांडलेला आहे. एक्झेटरच्या वेशीबाहेरची ही छावणी बंडखोरांची होती. या वहीच्या 1904 च्या छापील आवृत्तीत स्थळनाम चुकीचे वाचले गेले आणि नोंदीचा अर्थ झाकला गेला. तो उघड केला इतिहासकार इमन डफी यांनी, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरबाथवरील ग्रंथात.

ही पोरे घरातून गुपचूप पळाली नव्हती. खर्च गावाचा, हिशेब गावापुढचा, लिहिणारा पाद्री. तेव्हा निर्णयही गावाचाच मानावा लागतो. ऑगस्टमध्ये सरकारने धाडलेल्या लॉर्ड रसेलच्या फौजेने बंड चिरडले.

1553 मध्ये जुन्या, कॅथलिक रीतीची राणी मेरी गादीवर आली आणि गावकऱ्यांनी एडवर्डच्या काळात दडवून ठेवलेल्या वस्तू चर्चमध्ये परत आणून दिल्या. एडवर्डच्या काळात चर्च कसे ढासळले आणि मेरीच्या काळात कसे सावरले, याचा आढावा ट्रिकींनी वहीतच लिहिला आहे. त्यातला आनंद लपत नाही. पुढे एलिझाबेथच्या राज्यात सारे पुन्हा उलटले. ट्रिकी तरीही मोरबाथमध्येच राहिले आणि नव्या रीतीने उपासना चालवू लागले.

अशा माणसाला वारा पाहून पाठ फिरवणारा म्हणणे सोपे आहे. वही मात्र तसे म्हणू देत नाही. ज्याने वीस वर्षे काळ्या वस्त्रांची वाट पाहिली आणि पाच पोरांचा खर्च स्वतःच्या अक्षरात नोंदवला, त्याला श्रद्धा नव्हती असे कसे म्हणावे? मला दिसते ते असे, की त्यांची निष्ठा अखेरीस त्या 33 कुटुंबांशी होती. राजे बदलले, पण ती माणसे त्यांनी सोडली नाहीत. 1574 मध्ये मृत्यू आला तेव्हाही ते मोरबाथचेच पाद्री होते, 54 वर्षांनंतर.