शरदातील फळे आणि युद्धातील साखर

इसवी सन १९३९ च्या सप्टेंबरात इंग्लंड युद्धात उतरले. त्याच वर्षी तेथील बागांत फळे अमाप आली होती. आलुबुखार झाडांखाली सडू लागले. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी पिकून गळू लागल्या. फळे टिकवावयाची तर साखर हवी, आणि ती बरीचशी समुद्रापलीकडून येई.

साखरांब्याचे मर्म मराठी गृहिणीस सांगावयास नको. फळाच्या वजनाइतकी साखर पडून पाक नीट आटला, की बुरशीला थारा उरत नाही. ब्लॅकबेरीचा पाक एकटा दाटत नाही, म्हणून इंग्रज गृहिणी तीत आंबट सफरचंद घालते.

खेड्यापाड्यांतील 'विमेन्स इन्स्टिट्यूट' या स्त्रीसंस्थांनी सरकारकडून सुमारे ४३० टन साखर मिळविली. जानेवारी १९४० मध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले, तरी काम थांबले नाही. त्या एका वर्षात गावच्या सभागृहांतून आणि स्वयंपाकघरांतून १,६०० टनांहून अधिक माल तयार झाला.

मार्च १९४१ मध्ये जॅमही रेशनवर आला. साखर सरकारी, म्हणून जॅम सर्वांचा. फळे परसातली, श्रम विनामूल्य. तरी ढवळणारीलाही आपला वाटा रेशनकार्डावर विकत घ्यावा लागे. कुरबुर झाली, पण चुली विझल्या नाहीत. १९४० ते १९४५ या काळात ५,३०० टनांवर फळे वाचली. साखर मोकळी झाली ती १९५३ च्या सप्टेंबरात, पुन्हा फळांच्याच हंगामात. त्या शरदातला जॅम मात्र ज्याच्या त्याच्या घरी राहिला.