चरख्यासाठी लाखाचे बक्षीस

वर्ध्याचे मगन संग्रहालय गांधीजींनी १९३८ साली उघडले. तिथले नाना तऱ्हेचे चरखे आपण पाहिलेच असतील. एवढी खटपट कशासाठी, हे समजायला थोडे मागे जाऊ या.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्याला एक लाखाचे बक्षीस लावले. अटी बघा हं! चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने वा पायाने चालावा. बाईने फारसे न थकता आठ तास चालवला, की १६,००० वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या आत (तेव्हा हीही रक्कम लहान नव्हे!), आयुष्य वीस वर्षे, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या शेकडा पाचांत. म्हणजे यंत्राआधी कातणारीचा विचार!

किर्लोस्करवाडीला काळे यांचे यंत्र तयार झाले. तेही कसोटीला उतरले नाही. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. परीक्षकांनी अटी सैल केल्या नाहीत, हे मला तरी मोठे वाटते.

स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी गिरणीतली रुळांची युक्ती चरख्यात आणली. तोच अंबर चरखा. एका चातीच्या जागी चार चात्या फिरू लागल्या.