मीठ, अब्बास साहेब आणि आपली आठवण

डहाणूहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वलसाडच्या पुढे डुंगरी स्टेशन लागतं. त्याच भागात समुद्राकडे धारासना आहे. १९३० मध्ये डहाणू आणि धारासना, दोन्ही मुंबई इलाख्यातच होते; मध्ये राज्याची सीमा नव्हती. मी डहाणूत वाढलो, पण शाळेत दांडी पाठ केली आणि धारासना एका ओळीत संपवलं.

१८८२ च्या कायद्याने मीठ बनवण्याचा मक्ता सरकारकडे गेला होता. उन्हात राबणाऱ्याला मीठ जास्त लागतं, म्हणून हा कर गरिबालाच जास्त बोचायचा. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि धारासन्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाची जबाबदारी अब्बास तय्यबजींवर आली. बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश, वय ७६. १२ मे रोजी त्यांनाही वाटेतच पकडलं. मग २१ मे रोजी सरोजिनी नायडू आणि साबरमती आश्रमातले इमाम साहेब अब्दुल कादिर बावाझीर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार सत्याग्रही पुढे सरकले. लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यात बसल्या, पण कुणी हात वर केला नाही. अमेरिकन पत्रकार वेब मिलर यांनी इस्पितळात ३२० जखमी मोजले. दोघे मरण पावले.

मला अनेकदा विचारतात, ‘तेव्हा तुमचे लोक कुठे होते?’ यावर फुशारकी मारून उपयोग नाही. खिलाफतीच्या काळातली एकजूट तोवर तुटली होती. अली बंधूंनी मुसलमानांना या चळवळीपासून दूर राहायला सांगितलं होतं आणि पुष्कळ जण दूर राहिलेही. पण म्हणूनच समाजाचा कल उलटा असताना गेलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांची किंमत मला जास्त वाटते.

आणखी एक गोष्ट. हा कर उठला तो १९४७ च्या अर्थसंकल्पात, आणि तो मांडला अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी. पुढे ते पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान झाले, त्यामुळे मिठाच्या गोष्टीत त्यांचं नाव घ्यायला इथे कुणी धजत नाही.

लोकांची आठवण सोयीचं तेवढं ठेवते. पण आपणही अब्बास साहेबांचं नाव आपल्या घरात किती वेळा घेतलं? दुसऱ्यांना जाब विचारण्याआधी मुलांना हे नाव सांगूया. जेवताना मिठाची वाटी पुढे करताना सांगितलं तरी पुरे.