भात न सोडता वजन आटोक्यात
भंडाऱ्याच्या रोजच्या ताटातील पदार्थांचा उष्मांकांच्या हिशेबाने आढावा

प्रतिनिधी, भंडारा

वजन कमी करायचे असेल तर आधी भात बंद करा, हा सल्ला आज घरोघरी दिला जातो. मुंबई-पुण्यात तो पाळणे एक वेळ शक्य असेल. परंतु भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात या सल्ल्याचा अर्थ अर्धे ताट उचलून ठेवणे असा होतो. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी आणि भंडारा या सातही तालुक्यांत धान हेच मुख्य पीक आहे. शेतात धान, कोठीत तांदूळ आणि रेशन दुकानातूनही तांदूळच, अशा घरात भात सोडण्याचा निश्चय फार दिवस टिकत नाही. निश्चय मोडला की माणूस पुन्हा पूर्वीच्या प्रमाणात जेवू लागतो आणि उतरलेले वजन परत चढते. म्हणूनच भात सोडावा का, यापेक्षा तो किती घ्यावा आणि त्याच्यासोबत काय घ्यावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

वजन जास्त आहे, हे कसे ओळखावे?

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेल्यास वजन जास्त, तर २५ च्या पुढे गेल्यास लठ्ठपणा समजला जातो. उदाहरणार्थ, १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोच्या वर असेल तर सावध व्हावे आणि ६४ किलोच्या वर असेल तर उपाय सुरू करावेत. कमरेचा घेरही तितकाच बोलका असतो. पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते. हातपाय बारीक पण पोट सुटलेले, अशा व्यक्तींनी वजनकाट्यावर विसंबून राहू नये. पोटावरील चरबीचा मधुमेह व हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्याच सर्वेक्षणात २०.८ टक्के स्त्रियांचे वजन मात्र गरजेपेक्षा कमी होते. एकाच घरात सुटलेल्या पोटाचा कर्ता पुरुष आणि अशक्त सून असू शकते. त्यामुळे वजन कमी करण्याचे पथ्य संपूर्ण घरावर लादणे धोक्याचे आहे. स्वयंपाक एकच असावा, वाढण्याचे प्रमाण मात्र प्रत्येकाच्या गरजेनुसार बदलावे.

भात की पोळी?

भाताऐवजी पोळी खाल्ली की वजन उतरते, हा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्ष हिशेब काय सांगतो? ५० ग्रॅम कच्च्या तांदळाचा साधारण एक मोठी वाटी भात होतो आणि त्यातून सुमारे १७५ उष्मांक म्हणजेच कॅलरी मिळतात. २५ ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या एका फुलक्यातून सुमारे ८५ उष्मांक मिळतात. म्हणजे एक वाटी भात आणि दोन फुलके यांचे पारडे सारखेच. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरीही जवळपास त्याच तोलाची आहे. दोन वाट्या भात सोडून तेल लावलेल्या पाच पोळ्या खाणाऱ्याचे वजन कमी होण्याऐवजी वाढेल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांना मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे त्यात आढळले. पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण तेच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसते गहू किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टमय पदार्थांचा काही भाग डाळी-कडधान्ये व दुधाच्या पदार्थांतील प्रथिनांनी भरून काढल्यास मात्र धोका कमी दिसतो, असा या अभ्यासाचा रोख आहे.

असे असले तरी भाकरीचा एक फायदा नाकारता येत नाही. ज्वारीत व न चाळलेल्या कणकेत पांढऱ्या तांदळापेक्षा तंतू कितीतरी अधिक असतात. भाकरी चावून खावी लागते, जेवण सावकाश होते आणि थोडक्यात पोट भरते. मऊ भात वरणात कालवला की दोन वाट्या केव्हा संपल्या ते कळत नाही. त्यामुळे दुपारी भात आणि रात्री भाकरी, ही वाटणी वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांना सोयीची ठरते.

कोणता तांदूळ चांगला?

भंडारा, गोंदियाच्या गिरण्यांतून अरवा आणि उष्णा असे दोन प्रकारचे तांदूळ निघतात. अरवा तांदूळ कच्च्या धानापासून, तर उष्णा तांदूळ भिजवून वाफवलेल्या धानापासून तयार होतो. वाफवताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात उतरतो, म्हणून उष्णा तांदूळ पोषणाच्या दृष्टीने सरस मानला जातो. त्याचा भात मोकळा होतो आणि साधारणपणे रक्तातील साखर काहीशी सावकाश वाढवतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी आणि भौगोलिक मानांकन मिळालेला भंडाऱ्याचा सुवासिक चिन्नोर ही या पट्ट्याची भूषणे आहेत. पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या ‘स्वर्णा’ या जातीचा ग्लायसेमिक निर्देशांक तुलनेने कमी असल्याचे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या २०११ मधील अभ्यासात दिसून आले. तथापि, जात कोणतीही असली तरी वजनाच्या हिशेबात १०० ग्रॅम तांदळाचे उष्मांक सुमारे ३५० च असतात. बारीक, सुवासिक तांदूळ हा जिभेचा प्रश्न आहे. वजनाचा प्रश्न वाटीच्या आकाराने सुटतो.

भाताचे पाणी काढून टाकण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. त्यामुळे थोडे पिष्ट निघून जाते हे खरे. परंतु सोबत ब जीवनसत्त्वेही वाहून जातात आणि उष्मांकांत फारसा फरक पडत नाही. पाणी काढायचेच असेल तर ते पेजेच्या रूपाने घरातील बारीक व्यक्तीला द्यावे.

डाळीचे प्रमाण वाढवा

अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दिवसाला ही वाटणी सुमारे १६५ ग्रॅम, म्हणजे तीन वाट्यांहून थोडा अधिक भात होतो. डाळ आणि भाजी मात्र बाजारातून पैसे मोजून आणावी लागते. साहजिकच महिनाअखेरीस वरण पातळ होते आणि भाताचा ढीग वाढतो. भाताने पोट वाढले असे आपण म्हणतो, तेव्हा ताटातील डाळ कमी झाल्याचे बहुधा विसरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दोन हजार उष्मांकांच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असावे, असे तीत सुचवले आहे. तूर, मूग, हरभरा, वाटाणा, वाल, बरबटी यांपैकी काहीही चालेल. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तर तांदळात ७ ते ८ ग्रॅम. प्रथिनांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते. वरण घट्ट ठेवावे आणि भात वरणात भिजवण्याऐवजी वरणासोबत भात अशी वाढणी करावी.

लाखोळीबाबत सावधगिरी

धानाच्या बांधीत ओलाव्यावर येणारी लाखोळी ही या भागातील जुनी डाळ. तिच्यात सुमारे २८ टक्के प्रथिने असतात. परंतु तिच्यातील विषारी घटकामुळे, दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात खाणाऱ्यांच्या पायातील बळ जाऊन कायमचे पंगुत्व येऊ शकते. दुष्काळात लाखोळी हेच मुख्य अन्न झाले की हा आजार बळावतो, असा पूर्वानुभव आहे. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषारी घटक असलेल्या जाती विकसित करण्यात आल्या आहेत. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून दिल्यास विषारी घटक कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. वजन उतरवण्यासाठी भात सोडून रोज लाखोळीच्या वरणावर राहण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

तलावांचे देणे

गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले मामा तलाव आणि गावोगावच्या बोड्या यांमुळे भंडारा तलावांचा जिल्हा झाला. या तलावांतून मिळणारी रोहू, कतला यांसारखी मासळी वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांसाठी उत्तम अन्न आहे. १०० ग्रॅम रोहूतून साधारण १०० उष्मांक आणि १६ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. मात्र तीच मासळी तेलात तळली की हा लाभ तेलात बुडतो. कमी तेलाचा रस्सा किंवा तव्यावर भाजलेली मासळी योग्य. शाकाहारी व्यक्तींसाठी दही, मठ्ठा आणि मोड आलेली कडधान्ये हा पर्याय आहे.

पावसाळ्यानंतर धीवर समाजातील कुटुंबे तलावातून शिंगाडे काढून बाजारात आणतात. ताज्या शिंगाड्यात पाण्याचे प्रमाण बरेच असल्याने १०० ग्रॅमला सुमारे ११५ उष्मांकच मिळतात. उकडलेले मूठभर शिंगाडे हा समोसा किंवा आलूबोंड्यापेक्षा कितीतरी चांगला नाश्ता आहे. याच शिंगाड्याच्या पिठाचा तूप-साखर घालून केलेला शिरा मात्र उपवासाच्या नावाखाली जेवणाहून जड पडतो. साबुदाण्याच्या खिचडीचीही हीच गत आहे.

भाजी, चटणी आणि तेल

झाडीपट्टीच्या पावसाळी ताटात कोवळा तरोटा, अंबाडी, चवळी, कोचईची पाने अशा भाज्यांना मानाचे स्थान होते. रानात किंवा परसात मिळणाऱ्या या पालेभाज्यांत उष्मांक अत्यल्प आणि तंतू व लोह भरपूर असते. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीने भरले की उरलेल्या अर्ध्यात भात आपोआप मर्यादित होतो.

जवसाची चटणी हा विदर्भाचा ठेवा आहे. जवसात ओमेगा-३ प्रकारचे उपयुक्त स्निग्धाम्ल असते. तथापि, हे तेलबी असल्याने १० ग्रॅम चटणीतही सुमारे ५० उष्मांक असतात. रोज एक चमचा पुरे, वर तेल ओतू नये.

खरा शत्रू बहुतेक घरांत तेलाच्या डब्यात दडलेला असतो. एक ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात, म्हणजे १५ ग्रॅमचा एक मोठा चमचा सुमारे १३५ उष्मांकांचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसे आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात हे प्रमाण महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास येते. महिन्याच्या एक तारखेला मोजून भरलेला डबा वीस तारखेलाच संपत असेल, तर वजन कशाने वाढते याचे उत्तर वेगळे शोधण्याची गरज नाही. साखरेचेही तसेच. दिवसातून पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेतली, तर केवळ साखरेतून २०० उष्मांक होतात; एक वाटी भाताहून ते जास्त आहेत.

असे असावे दिवसाचे ताट

बैठे काम करणाऱ्या, जास्त वजनाच्या प्रौढ व्यक्तीसाठी नमुन्यादाखल पुढील आहार घेता येईल.

सकाळी : भरपूर कांदा, वाटाणा व सांबार घातलेले एक बशी पोहे, तर्री न घेता, किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ. कमी साखरेचा एक कप चहा.

दुपारी : दीड वाटी भात, एक वाटी घट्ट वरण, एक मोठी वाटी पालेभाजी, काकडी किंवा मुळा आणि एक पेला मठ्ठा.

सायंकाळी : मूठभर फुटाणे किंवा हंगामात उकडलेले शिंगाडे, एखादा पेरू, कमी साखरेचा एक कप चहा.

रात्री : ज्वारीची एक भाकरी, मासळीचा रस्सा किंवा कडधान्याची उसळ, वांगी-भेदऱ्यांसारखी एखादी भाजी आणि एक चमचा जवसाची चटणी.

तेल आटोक्यात ठेवल्यास हा सर्व आहार सुमारे १४०० उष्मांकांच्या घरात बसतो. भात त्यात आहे, भाकरीही आहे आणि बाहेरून विकत आणायची महागडी पावडर एकही नाही.

कोणी सांभाळावे?

रोवणी, कापणी यांसारखी अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना हे प्रमाण अपुरे पडेल. कामाच्या हंगामात तीन-चार वाट्या भात पचवणाऱ्या शरीराला हंगाम संपल्यावर तेवढ्याच भाताची गरज उरत नाही. शेतीची अनेक कामे आता यंत्रे करू लागली, पायी जाण्याच्या जागी दुचाकी आली. ताटातील भात मात्र जुन्याच मापाने वाढला जातो. काम बदलले की माप बदलावे, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल.

गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयातील मुलामुलींनी स्वतःच्या मनाने आहार कमी करू नये. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भाताचे प्रमाण एकाएकी घटवल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आठवड्याला अर्धा किलो वजन कमी होणे सुरक्षित समजले जाते. दिवसाला एक हजाराहून कमी उष्मांकांचा आहार कोणीही स्वतःहून सुरू करू नये.

उद्यापासून सुरुवात करायची असेल तर एकच गोष्ट करावी. भात वाढण्यासाठी घरातील एक ठरावीक वाटी बाजूला काढावी, दीड वाटी मोजून घ्यावी आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे ते भाताऐवजी भाजी किंवा वरण घ्यावे. महिन्याने कमरेचा घेर मोजावा. फरक पडू लागला असेल तर तो तिथे दिसेल.