बस्त्याचा चहा

शिकागोच्या ‘मार्शल फील्ड’ या दुकानात टोप्या विकणाऱ्या हेरिंगबाईंची गोष्ट सांगतात, ती आम्हा कापडवाल्यांना लगेच पटते. टोप्या बघायला आलेल्या बायका भुकेनं कासावीस होऊन उठायला लागल्या. बाईंनी घरून आणलेला आपला डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि गिऱ्हाईक थांबलं. हॅरी सेल्फ्रिज तेव्हा तिथे व्यवस्थापक होते. त्यांनी नाखूश मालकाच्या मागे लागून 1890 मध्ये दुकानातच टी-रूम उघडायला लावली. पुढे 1909 मध्ये लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हा खाण्यापिण्याची सोय आधीच करून ठेवली होती.

माझी हयात लक्ष्मी रोडवर साड्या उलगडण्यात गेली. बस्त्याला दहा-बारा माणसं येत. मानपानाच्या साड्या झटपट निघत. घोडं अडायचं ते वरमाईच्या साडीशी. आत्याबाई चपला शोधायला लागल्या की शेठ पोऱ्याकडे नुसते बघत. चहा यायचा, पाठोपाठ बटाटेवडे. हातात कपबशी असलेल्या माणसाला उठता येत नाही. तेवढ्यात मी पैठण्यांची घडी मोडायचो. हा खर्च वहीत जाहिरातीच्या खात्यात पडायचा, आणि तो तिथेच शोभायचा.

पॅरिसच्या ‘बों मार्शे’नं तर हे आमच्या कितीतरी आधी केलं. 1852 मध्ये त्यात भागीदार झालेल्या आरिस्तीद बुसिकोनं ठरलेला भाव ठेवला, नको असलेला माल परत घेतला आणि पुढे गिऱ्हाइकांसाठी फुकट सरबतही ठेवलं. अशा दुकानांचा अभ्यास करून एमिल झोलानं 1883 मध्ये एक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या मार्तीबाईंचा नवरा मास्तर; पगार बेताचा. पण लेस दिसली की बाईंचा हात आवरत नाही, आणि मास्तर बिचारा शिकवण्या घेऊन मरतो. अशा बायका मी पाहिल्यात, बाप्येही पाहिलेत. शेठ त्यांना सगळ्यात आधी चहा पाजत, हे मला तेव्हाही आवडत नसे.

डॉक्टर मंडळी या वाटेला उशिरा लागली. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरेदीच्या वेडाची आजार म्हणून नोंद केली. 1995 मध्ये रोनाल्ड फेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासलं, तर भूक नसताना बकाबका खाणाऱ्यांत अनावर खरेदी करणारे इतरांपेक्षा जास्त निघाले, आणि खरेदीबाजांत तसे खाणारेही.

तेव्हा घरात कुणाची खरेदी आवरत नसेल, तर तो एकटा असताना काय नि किती खातो तेही मायेनं विचारा; आणि डॉक्टरांकडे गेलात तर दोन्ही सांगा.