सोलापूरची सेटलमेंट आणि १९५२ चा निरसन कायदा

एकाच विधेयकाने अनेक कायदे बदलण्याची रीत आपल्या विधिमंडळांत जुनी आहे. लाकूडतोड्याने काटक्यांची मोळी बांधावी, तसे निरनिराळे कायदे एका दोरीत येतात. मोळी डोक्यावर घेणाऱ्याला तिचे वजन कळते. आत कोणती काटकी ओली आणि कोणती वाळलेली, हे मात्र दोरी सोडल्याखेरीज कळत नाही. न्याय आणि लोकांची सुरक्षितता यांविषयीचे कायदे अशा मोळीत बांधले गेले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आम्हांला सोलापूर सोडून दूर जाण्याचे कारण नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागला आणि १९२४ साली त्याची फेरमांडणी झाली. एखादी जमात पद्धतशीर गुन्हे करते असे सरकारला वाटले, की अधिसूचना निघे. ती योग्य की अयोग्य, हे विचारण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. मग नावांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, परवान्यावाचून गाव न सोडणे आणि शेवटी सक्तीची वसाहत. संशयास्पद स्थितीत सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होई. आईबापांपासून मुले वेगळी काढण्याचीही तरतूद होती. गुन्हा सिद्ध होण्याआधीच माणूस गुन्हेगार ठरे, आणि तोही जन्माने!

मुंबई इलाख्यात अशा ज्या वसाहती झाल्या, त्यांपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. कैकाडी, टकारी, पारधी अशा अनेक जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहत आणि त्यांतील पुष्कळजण शहरातील कापडगिरण्यांत कामाला जात. सोलापूरच्या गिरण्यांची कीर्ती आपण अभिमानाने सांगतो. ज्या हातांनी तेथील साचे चालविले, त्यांतले काही हात हजेरीच्या वहीत नोंदलेले होते, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे. 'सेटलमेंट' हा शब्द शहराच्या बोलण्यात आजही आहे.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. परंतु इतरत्र तो चालूच होता. ज्यांचे पोट भटकंतीवर, त्यांना सरहद्दीअलीकडे मोकळीक आणि पलीकडे हजेरी, अशी स्वतंत्रता काय कामाची? म्हणून गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्यांचे निरसन करणारा एक केंद्रीय कायदा झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून या जमाती विमुक्त झाल्या. मोळीच्या कायद्याचे सामर्थ्य ते हेच! प्रांताप्रांताने सुटका झाली असती, तर आणखी कित्येक वर्षे गेली असती.

तथापि दोरी सोडून पाहिले पाहिजे. जुने कायदे गेले, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्यांनी केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ सालचा. त्यात जमात नाही, व्यक्ती आहे. पाच वर्षांच्या मुदतीत किमान तीनदा कैदेची शिक्षा झालेल्यालाच तो लागतो. तत्त्वतः हा फरक फार मोठा आहे, आणि तो आम्ही कमी लेखीत नाही. पण ज्या जमातीवर आधीच पाळत, तिच्याच माणसाला तीन शिक्षा होणे सोपे असते. निरसनाने अधिसूचना पुसली. चौकीतील संशय पुसण्याचे कलम त्यात नव्हते, आणि असूही शकत नव्हते. घर, जमीन, शाळा, धंदा यांची सोय हे निराळेच काम होते.

याचा पुरावा फार जुना नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही राज्यांच्या तुरुंग-नियमांतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरविली. विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहणारे नियमही त्यांत होते. म्हणजे मूळ कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली, तरी त्याची सावली दुय्यम नियमांत उरलीच होती. त्याच वर्षी १ जुलैला दंड, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे तीन नवे कायदे एकाच दिवशी अमलात आले. सराईत मानल्या गेलेल्या माणसाकडून चांगल्या वर्तनाची हमी घेण्याचे जुने कलम नव्या प्रक्रियेतही आहे.

म्हणून नवी मोळी आली, की तीन गोष्टी विचाराव्यात: काय गेले, त्याच्या जागी काय आले, आणि खालच्या नियमांत काय राहिले. हा प्रश्न वकिलांवर सोडून भागणार नाही. नियम ज्यांच्या अंगावर येतो ती माणसे सेटलमेंटच्या आसपास अजून राहतात. त्यांना विचारले, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी मिळेल.