भाषांतराची स्मृती कोणाच्या हाती?

कामगारांच्या इतिहासाविषयी बोलू लागलो की गिरणी, गोदी आणि रेल्वे यांची नावे आपोआप तोंडी येतात. टेबलाशी बसून एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत उतरवणारा भाषांतरकार हाही कामगारच आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. तो कथा-कादंबऱ्याच भाषांतरित करतो, असा आपला समज असतो. वस्तुतः कायदे, करारनामे, यंत्रांची माहितीपत्रके, औषधांवरील सूचना यांवर कितीतरी भाषांतरकारांचे पोट चालते. आणि अशा मजकुरात तेच वाक्य पुन्हापुन्हा येते. या पुनरावृत्तीतून एक साधी फाईल जन्मास आली. तिचा इतिहास आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत. ती उघडून नीट वाचली, तर श्रमाचे फळ कोणाचे, हा जुनाच प्रश्न तिच्यात सापडतो.

१९६६ साली अमेरिकेत ‘अल्पाक’ समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतराहून सावकाश, महाग आणि कमी अचूक आहे, असे समितीने सांगितले. त्याचबरोबर भाषांतरकाराच्या हाताशी चांगली साधने द्यावीत, असेही सुचविले. पुढे १९७८ साली युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेत भाषांतराचे काम पाहणारे पीटर आर्थर्न यांनी एक व्यवहारी कल्पना मांडली. जुना मजकूर आणि त्याचे भाषांतर संगणकात जोडीने साठवावे, म्हणजे नव्या कागदात तेच वाक्य आले की तयार भाषांतर समोर येईल. १९८० साली झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातील मार्टिन के यांनी याच दिशेने विचार केला. यंत्राने लेखनिकासारखे हाताखाली काम करावे, निर्णय माणसाने घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

१९९० नंतर ही कल्पना बाजारात आली. जर्मनीच्या श्टुटगार्ट शहरात १९८४ साली निघालेली ‘ट्राडॉस’ ही कंपनी, ‘आयबीएम’ आणि इतर कित्येकांनी अशी साधने विक्रीस आणली. या साठ्याला ‘ट्रान्सलेशन मेमरी’, म्हणजे भाषांतराची स्मृती, असे नाव पडले. परंतु प्रत्येक साधनाची साठवण्याची रीत निराळी होती. एका साधनावर वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाने दुसरे साधन घ्यायचे म्हटले की त्याची सारी कमाई मागे अडकून पडे. सुताराने कारखाना सोडताना आपली हत्यारे तिथेच ठेवून जावे, तशीच ही गत!

ही अडचण ‘लिसा’ या संस्थेने ओळखली. १९९० साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या या व्यावसायिक संघाच्या ‘ऑस्कर’ नावाच्या गटाने त्या दशकाच्या अखेरीस देवघेवीची एक सामाईक रीत ठरविली. तीच ‘टीएमएक्स’. तिची १.४-बी ही आवृत्ती २००५ साली निघाली. २०११ साली लिसा बंद पडली, परंतु ही रीत टिकली. कारण ती सर्वांसाठी उघडी होती.

आता ही फाईल उघडायची कशी? ती झिप करून आली असेल तर आधी मोकळी करावी. मग साधा मजकूर दाखवणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ती उघडते. आरंभी ‘हेडर’ असतो. फाईल कोणत्या साधनाने केली, मूळ भाषा कोणती, हे तो सांगतो. खाली ‘बॉडी’ असते. तिच्यात ‘टीयू’ नावाचे एकेक घटक, प्रत्येकात भाषेगणिक एक ‘टीयूव्ही’, आणि त्याच्या आत ‘सेग’ या खुणांमध्ये प्रत्यक्ष वाक्य. भाषा संकेताने ओळखायची. मराठीचा संकेत ‘एमआर’. वाचणे असे सोपे आहे. हाताने दुरुस्ती करताना मात्र जपावे. शेवटची एक खूण पुसली गेली तरी साधन अख्खी फाईल नाकारते. म्हणून आधी प्रत काढून ठेवावी. कामाला घ्यायची असेल, तर २००० साली सुरू झालेल्या ‘ओमेगा-टी’ या मोफत साधनात प्रकल्पाच्या ‘टीएम’ फोल्डरमध्ये ती ठेवली की पुरते. तरीही सगळेच जुळेल असे नाही. एक साधन ‘डॉ.’ यातील टिंबापाशी वाक्य तोडते, दुसरे तोडत नाही. मग तेच वाक्य त्याला अनोळखी वाटते.

परंतु आमचे लक्ष दुसऱ्याच एका जागी खिळते. प्रत्येक घटकावर तो कोणी केला, केव्हा केला आणि कोणी बदलला, हे लिहिण्याची सोय या रीतीत आहे. हा जणू कामाचा हजेरीपटच! मात्र ही नोंद सक्तीची नाही, आणि फाईल हातोहात जाताना नाव सहज गळून पडते. दरम्यान दराचे गणित बदलले. वाक्य स्मृतीशी पूर्ण जुळले तर मोबदला अगदी थोडा, थोडेफार जुळले तर कमी, अशी पद्धत या धंद्यात रूढ झाली. म्हणजे कालचे श्रम आजची मजुरी कापण्यास कारण होतात! १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळण्याची सक्ती होऊ लागली आणि मोठा संप झाला. सुधारणेचा भार कोणी सोसायचा आणि लाभ कोणी घ्यायचा, हा प्रश्न तेव्हाही होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००७ साली युरोपीय आयोगाच्या भाषांतर विभागाने आपल्या कायद्यांची स्मृती २२ भाषांत, याच टीएमएक्स रीतीने, सर्वांना खुली केली. जनतेच्या पैशातून झालेले काम जनतेला परत मिळाले, हे योग्यच झाले. ‘ओपस’ या खुल्या संग्रहातही अशा फाईली मिळतात, आणि त्यांत मराठीही आहे. याच जोड्यांवर आज भाषांतराची यंत्रे शिकविली जातात. यंत्राला जे येते त्यामागे अशा हजारो अनामिक माणसांची वाक्ये उभी आहेत.

यंत्राशी वैर धरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. मार्टिन के यांनी कल्पिलेला लेखनिक कोणाला नको आहे? मागणे एवढेच की स्मृती ज्याच्या श्रमातून झाली, त्याला तिच्या वापरात बोलण्याचा अधिकार असावा. म्हणून या धंद्यातील तरुणांना आमचे सांगणे असे: फाईल उघडायला शिका, तिच्यावर आपले नाव आहे की नाही ते पाहा, आणि ती पुढे कोण वापरणार व दर कसा ठरणार, हे काम हाती घेण्यापूर्वी करारात लिहून घ्या. एकट्याने मागितले तर नकार मिळेल. दहा जणांनी मिळून मागितले तर निदान बोलणी तरी सुरू होतील.